विषय सोडून

"मास्तर, तंबू हाय का तुमच्याकडं?"

सकाळी साडेसहाला बापूंचा फोन. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "नातवाचा आहे. का हो?"

"मग घिऊन या. आखितीच्या आदल्या रातीला नदीत झोपायचं हाय."

बापूंना मी पन्नास वर्षं ओळखतो. आम्ही दोस्त आहोत, पण अजून एकमेकांना अहो-जाहोच करतो. तो आमच्या दोस्तीचा रिवाजच झाला आहे. तेव्हा "नदीत झोपायचंय" याचा अर्थ मला लगेच कळला. तुम्हाला मात्र सांगायला हवा.

बापूंचं जुनं गाव उजनी धरणात गेलं. भीमेच्या काठचं, इंदापूर तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्याच नावाचं नवं गाव आज वर रस्त्याकडेला नांदतं आहे. जुनं गाव १९७६-७७ च्या सुमारास उठलं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमेचा यशवंतसागर झाला. पण उजनीची एक तऱ्हा आहे. धरणाची पोटातली जागा ११७ टीएमसीची, आणि त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्याचं. वापरायचं पाणी संपलं की आकडा शून्यावर येतो आणि मग 'उणे' सुरू होतं. आमच्याकडची माणसं पाऊसपाण्याच्या गप्पा याच भाषेत करतात. "यंदा किती?" "मायनस तीस." २०२३ चा पाऊस रुसला होता, त्यामुळे मे २०२४ मध्ये धरण उणे चाळीसच्याही खाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, ते बघायला पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. बापूंच्या गावाला कोणी बघायला येत नव्हतं, पण तेही वर आलं होतं.

मुलाने अर्थातच मोडता घातला. "बाबा, चौऱ्याहत्तर वय, बीपीची गोळी, आणि धरणात तंबू?" शेवटी दर दोन तासांनी व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायच्या अटीवर परवानगी मिळाली. सौ. फक्त एवढंच म्हणाली, "बापूंच्या आईच्या हातची भाकरी खाल्लीय तुम्ही चार वर्षं. जा." विषय संपला.

तर ९ मेच्या दुपारी एसटीने इंदापूर फाट्यावर उतरलो. दोनच दिवसांपूर्वी मतदान झालं होतं, बोटावरची शाई ताजी होती. बापू जीप घेऊन उभे. ही जीप म्हणजे त्यांचं चौथं अपत्य. महिंद्राची जुनी, फोर बाय फोर, तीसेक वर्षांपूर्वी लिलावात घेतलेली. मूळचा रंग कोणता हे आता जीपलाही आठवत नसेल. मला स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, पण बापूंच्या शेजारी बसून या जीपबद्दल बरंच ऐकलं आहे. गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक दांडी असते. ती ओढली की इंजिनाची ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांकडेही जाते. शिवाय बापूंनी डिझेल वाचावं म्हणून पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब बसवून घेतले आहेत. एरवी ते मोकळे ठेवायचे, चिखलात जायची वेळ आली की खाली उतरून हाताने फिरवून बंद करायचे. "उतरल्याबिगर काय बी हुत न्हाय मास्तर ह्या गाडीत," असं ते अभिमानाने सांगतात.

मागे दोन पाण्याचे कॅन, ताडपत्री, घोंगडी, तवा, भाकरीचं गाठोडं, ठेच्याची बरणी आणि एका पोत्यात गुंडाळून ठेवलेला मातीचा करा. करा पाहिला आणि मी काही विचारलं नाही. अक्षय्य तृतीयेला पितरांना पाण्याचा करा देतात. बापू दरवर्षी नव्या गावातल्या घरी देतात, हे मला माहीत होतं.

गाव सोडलं, उसाचे फड संपले आणि जीप धरणाच्या पोटात उतरली. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना ते कसं सांगू? वर हिरवागार ऊस आणि खाली एकदम भेगाळलेली काळी जमीन, तीन-चार किलोमीटर आत, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. मधूनमधून गाळपेरीचे हिरवे तुकडे. आणि सगळीकडे पाइप आणि केबली! पाणी मागे सरकतं तशी माणसं मोटार उचलून त्याच्यामागे जातात, पाइप जोडतात, केबल वाढवतात, चारी खोदतात. एका उसाच्या फडासाठी किलोमीटरभर पाण्याचा पाठलाग. बापूंच्याही दोन मोटारी तिथेच. एकीजवळ जीप थांबवून त्यांनी फुटबॉल तपासला, फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तोंडाची झडप, आणि पुन्हा चढून म्हणाले, "घर बी ह्याच पाण्यानं नेलं, आन् ऊस बी ह्याच पाण्यावर. आता शिव्या द्यायच्या तरी कुनाला?"

दिवस कलता कलता आम्ही जुन्या गावाच्या जागी पोचलो. गाव म्हणजे काय, मारुतीच्या देवळाचे काळे दगड, एक बुजलेली विहीर आणि गाळातून वर डोकावणाऱ्या जोत्यांच्या रेघा. गाव उठलं तेव्हा वासे, चौकटी, दारं, चांगले दगड सगळं बैलगाड्यांतून वर नेलं होतं. मागे राहिलं ते कोणालाच नको असलेलं. थोड्या उंचवट्यावर एक लांब जोतं आणि त्याच्या तीन पायऱ्या दिसल्या आणि माझी पावलं तिथेच थांबली. ती माझी शाळा.

१९७३ मध्ये बी.ए. होऊन मी इथे रुजू झालो. मराठी आणि इतिहास. तेवीस वर्षांचा होतो, घरापासून पहिल्यांदाच लांब. बापूंच्या घराच्या सोप्यातली खोली भाड्याने मिळाली आणि जेवण त्यांच्या आईकडे. गाव उठेपर्यंत मी तिथेच राहिलो.

तंबू आम्ही पाण्यापासून बराच वर, शाळेच्या जोत्याच्या आडोशाला लावला. म्हणजे मी लावला. पुस्तिकेतली चित्रं बघत पाऊण तास लागला, आणि बापू बाजूला बसून विडी ओढत माझी परीक्षा घेत होते. "ह्यात मानूस झोपतंय का कोंबड्या डालायच्या?" त्यांचा मुक्काम जीपमध्येच होता. कडेला मच्छीमारांची होडी लागली होती. त्यांच्याकडून चार चिलापी घेतल्या, पैसे देताना त्यांनी एक मासा वर टाकला. वेड्या बाभळीच्या काटक्या, तीन दगडांची चूल, तव्यावर तेल-मीठ-तिखट लावलेली चिलापी आणि दुपारची भाकरी. मी या जेवणाचं वर्णन करत नाही, कारण सौ. हे वाचते.

आदल्याच दिवशी अमावास्या झाली होती. चंद्राचा पत्ता नाही. लांबवर सोलापूर रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे आणि वर तारे. सप्तर्षी, त्यांच्या शेपटीच्या वळणावर पुढे गेलं की स्वाती, आणखी पुढे चित्रा. चौथीच्या पोरांना दाखवावेत तसे मी बापूंना दाखवले. ते म्हणाले, "हे तुमी तवाबी दाखवलं होतं. शाळंच्या पायरीवर बसून. आमची धाकटी पाठ करून घरी सांगायची."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. माझ्या वर्गात होती. तिचं नाव निघालं आणि मी गप्प झालो. बापूंना ते कळलं असावं. तेही गप्प झाले.

रात्री दीडच्या सुमारास तंबू उडाला. "उडाला" हे अलंकारिक नाही. आधी वारा थांबला, मग गार झुळूक आली, आणि काही कळायच्या आत वावटळीने खुंट्या उपसल्या. मी आत असल्यामुळे तंबू वाचला म्हणा, किंवा तंबूने मला गुंडाळल्यामुळे मी वाचलो म्हणा. बापूंनी बॅटरीच्या उजेडात मला ओढून बाहेर काढलं आणि जीपमध्ये कोंबलं. पाठोपाठ टपोरे थेंब. वळीव. टपाची ताडपत्री फडफडत होती, वीज चमकली की मारुतीचं देऊळ पांढरं दिसायचं आणि पलीकडचं पाणी उसळताना दिसायचं. सपाट गाळावर आमची जीपच काय ती उंच. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

भीतीमुळे असेल किंवा शाळेचं जोतं तसं समोर दिसत होतं म्हणून असेल, पण जे मी पन्नास वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो.

"बापू, धाकटीचा एक निबंध होता."

१९७५ ची सहामाही परीक्षा. सातवीला मी निबंधाचा विषय दिला होता, 'धरणाचे फायदे'. तो काळच तसा होता. धरणं म्हणजे नव्या भारताची मंदिरं, असं नेहरू म्हणाले होते आणि मी ते मनापासून मानत होतो. वर्गात मी भाक्रा-नांगल आणि कोयना शिकवलं होतं. सिंचन, वीज, दुष्काळ निवारण, मुद्दे फळ्यावर लिहून दिले होते. १९७२ चा दुष्काळ मुलांनी डोळ्यांनी पाहिला होता, खडी फोडायला गेलेले आईबाप पाहिले होते. तेव्हा विषय चुकीचा नव्हता, असं मी आजही म्हणेन. पोरांनी मुद्दे उतरवून पान-पान भरून लिहिलं. धाकटीने दोन ओळी लिहिल्या होत्या. धरण झाल्यावर आमचं घर पाण्यात जाईल. मग आई चूल कुठे मांडेल?

मी दहापैकी दोन गुण दिले. शुद्धलेखन बरोबर होतं म्हणून दोन. आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'विषय सोडून'.

त्याच संध्याकाळी मी त्याच चुलीपुढे बसून त्याच आईच्या हातची भाकरी खाल्ली. धाकटी त्या दिवशी वाढायला आली नाही. मला ते तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते खूप वर्षांनी, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्याच कोणाचा तरी पेपर तपासताना. हात थांबला आणि ती वही डोळ्यांपुढे आली. तेव्हापासून ती गेलेली नाही.

बापू बराच वेळ बोलले नाहीत. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

"ठाऊक आहे?"

"त्या दिशी ती जेवली न्हाय. आईनं मला सांगितलं, मास्तरांना इचार काय झालं. म्या न्हाय इचारलं."

"का?"

"तुमी शिकल्याली मानसं. मला वाटलं, मास्तरांनी लिवलंय म्हंजी बराबरच असंल."

त्यांनी शिवी दिली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. पहाटेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. कधी डोळा लागला कळलं नाही.

सकाळी आभाळ धुऊन निघालं होतं. पाण्याच्या कडेला उथळात रोहित पक्षी उभे होते, माना खाली घालून, जणू रात्री काही झालंच नाही. आखितीचा दिवस. बापूंनी करा काढला, कॅनमधलं पाणी भरलं, टोपी नीट केली आणि निघाले. मी मागोमाग. देवळापाशी जाऊन ते थांबले. डावीकडे गेले, परत आले. विहिरीकडे गेले, परत आले. एका जोत्यावर उभे राहिले, मान हलवली, दुसऱ्यावर गेले.

"सापडंना, मास्तर."

शहाहत्तर वर्षांचा माणूस हातात भरलेला करा घेऊन स्वतःच्या गावात उभा होता आणि त्याला घर सापडत नव्हतं. त्यांचंही काय चुकलं? आपल्या घरी जाताना कोणी वाट बघून जातं का? पाय नेतात. गल्ली, भिंती, लिंबाचं झाड, कशाचीच खूण उरली नव्हती.

पण मी त्या गावात परका होतो ना! परक्याला वाट पाठ करावी लागते. मी म्हटलं, "बापू, इकडे या. शाळेपासून जाऊ." तिसऱ्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, दप्तर काखेत असल्यासारखा. समोर मारुती. मारुतीला उजवा हात घालून मागे वळायचं, विहीर डाव्या हाताला ठेवायची, मग थोडा चढ होता, तिथे पाटलांच्या वाड्याची भिंत संपली की तिसरं घर. चढ गाळाने बुजला होता, पण वाड्याचं जोतं मोठं, ते ओळखू आलं. एक, दोन, तीन. बापूंनी वाकून हाताने गाळ बाजूला केला. रात्रीच्या पावसाने मऊ झाला होता. बोटाला दगड लागला. गोल. आत खोलगट.

उखळ. जमिनीत बसवलेलं, म्हणून कोणी नेलं नव्हतं.

बापू तिथेच मांडी घालून बसले. उखळातला गाळ त्यांनी दोन्ही हातांनी उपसला, कॅनच्या पाण्याने ते धुतलं आणि त्याच्या उजव्या अंगाला करा ठेवला. वर एक आंबा. वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं. मग माझ्याकडे बघून हसले. "एवढं धरनभर पानी हाय हितं, आन् म्या त्यांना करा भरून पानी देतुय."

मीही हात जोडले. मला त्या माउलीला काय म्हणायचं होतं ते म्हणालो. मोठ्याने नाही.

आता जीपचं. वळवाचा पाऊस तसा फार नव्हता, पण गाळाला तेवढा पुरला. वरून सुकलेला पापुद्रा आणि आत लोणी. बापूंनी जीप सुरू केली, दहा फूट गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरून बुडाली. त्यांनी दुसरी दांडी ओढली, पुन्हा तेच. मागच्या चाकांखाली पोती घातली, बाभळीच्या फांद्या घातल्या, काडी घालून टायरमधली हवा कमी केली म्हणजे टायर पसरतं आणि पकड येते. माझ्या सदऱ्यावर चिखलाची रांगोळी निघाली. जीप हलेना. मी पुढे उभा होतो, म्हणून मला दिसलं.

"बापू, पुढची चाकं फिरतच नाहीयेत."

त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, पुढच्या चाकाजवळ गेले आणि तसेच उभे राहिले. हब मोकळेच होते. हब मोकळे असले की दांडी ओढा नाहीतर आणखी काही करा, ताकद चाकापर्यंत पोचतच नाही. तीस वर्षं ज्या माणसाने ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितली, तो आज उतरायचं विसरला होता.

"सकाळी घर इसरलो, आता हे," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

मी म्हटलं, "चालायचंच. मी तर आख्खा निबंध चुकीचा तपासला."

त्यावर ते हसले. खरं हसले. दोन्ही हब फिरवून बंद केले, लो गिअर टाकला, आणि जीप म्हाताऱ्या म्हशीसारखी हुंकारत, डुलत वर आली. किनाऱ्यावर चढेपर्यंत बापूंनी गाडी थांबवली नाही. चिखलात थांबायचं नसतं.

वर रस्त्यावर आल्यावर त्यांनी मोबाइल काढला, कोणाला तरी लावला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "दादा, ठिवला का करा?"

धाकटी. आता तिला नातवंडं आहेत. मी नाव सांगितलं. पुढचं वाक्य मी रात्रभर जुळवलं होतं, पण ऐन वेळी ते आलंच नाही. नुसतंच म्हणालो, "तुझा तो निबंध... तो विषयाला धरूनच होता."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "गुरुजी, उखळ सापडलं?"

"सापडलं."

"करा कुठल्या अंगाला ठिवला?"

"उजव्या."

"बरं केलं. तिथंच चूल हुती."

पुढे अकरा दिवसांनी, २१ मे २०२४ ला, अशाच वादळी वाऱ्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट उजनीत उलटली आणि सहा जणं गेली. ती बातमी वाचली तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. त्याचं बरोबर होतं. त्या पाण्याशी आणि त्या वाऱ्याशी थट्टा नाही. मग त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. करा, उखळ, शाळेच्या तीन पायऱ्या, सगळं पुन्हा खाली गेलं.

बापूंनी आता दोन्ही हबवर तांबड्या रंगाचा मोठा ठिपका मारून घेतला आहे, विसरायला नको म्हणून. आणि मला नातवाने नवा तंबू घेतला आहे. खुंट्या मात्र लोखंडी हव्यात, हे त्याला सांगायचं राहिलंय.

असो.